फाटकावरची फुंकणीबाई

बस डेपोच्या फाटकाला लागून एक खोली आहे. खोली म्हणायची आपली. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याला दारातच उभं राहावं लागतं. आत एक टेबल, एक रजिस्टर, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं पेन (ड्रायव्हर लोक उसना जीव परत देतील, पेन देणार नाहीत) आणि मुठीएवढं काळं यंत्र. यंत्राला नवी पांढरी नळी लावायची, ड्रायव्हरने तिच्यात फुंकायचं आणि आकड्याची वाट बघायची. शून्य आलं की गाडीची किल्ली हातात. शून्याच्या वर काही आलं की बाकावर बसायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं, कारण तोंडात राहिलेला अंश तेवढ्यात उडून जातो, रक्तातला जात नाही. दुसऱ्यांदाही आकडा आला तर घरचा रस्ता.

हे काम करणाऱ्या बाईला ड्रायव्हर, कंडक्टर, धुलाईवाले, कँटीनवाला, फार कशाला, मॅनेजरसाहेबसुद्धा पाठीमागे फुंकणीबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. एकदा कुणीतरी ड्युटीच्या फळ्यावर खडूने ते नाव भलं मोठं लिहून ठेवलं. तिने पुसलं नाही. खाली सही केली आणि खोलीत जाऊन बसली.

पावणेसहाला रांग लागते आणि रांगेबरोबर कारणं सुरू होतात. लांब पल्ल्याचा उंच ड्रायव्हर, ज्याचा आवाज कायम विहिरीच्या तळातून येतो, तो सांगतो की खोकल्याचं औषध घेतलंय बाई, डॉक्टर मोठा चमचा म्हणाले होते, आता आमच्या घरात चमचे जरा जास्तच मोठे आहेत त्याला मी काय करू. दुसऱ्याची दाढ दुखत असते, म्हणून त्याने कापूस कशात तरी भिजवून धरलेला असतो. कोणती दाढ, विचारलं की डावी म्हणतो आणि उजवा गाल दाबतो. तिसरा शपथेवर सांगतो की केळी खाल्ली होती, फार पिकलेली. किती खाल्ली? सात. नवा लागलेला एक ड्रायव्हर फुंकायच्या ऐवजी आत ओढतो, यंत्र केकाटतं, आणि तो साळसूद चेहऱ्याने विचारतो की बाई, मशीनला बरं नाही का.

फुंकणीबाई सगळं ऐकून घेते. मान हलवते. केळीवाल्याला तर एकदा, साली कुठे टाकल्या, असंही विचारून झालं. मग चष्म्याच्या वरून बघत, ओठ जेमतेम हलवत, एकच शब्द म्हणते.

"फुंका."

या शब्दाची नक्कल डेपोत सगळ्यांना येते. कँटीनवाला चहाचा कप पुढे सरकवतानाही अगदी तस्संच म्हणतो.

तिला फसवता येत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. का येत नाही, यावर मात्र मतभेद होते. कुणी म्हणे बाईंचं नाक तिखट आहे. कुणी म्हणे यंत्र परदेशी आहे. खरं कारण तिचं तिलाच माहीत होतं. या डेपोत दारूचा वास लपवायची विद्या जर कुणी शोधून काढली असेल, तर ती तिनेच.

नऊ वर्षांपूर्वी ती फाटकाच्या बाहेरची होती. तिचा नवरा इथे ड्रायव्हर. हसतमुख, शिट्टी वाजवत गाडी मागे घेणारा आणि सकाळी उठल्या उठल्या दोन घोट घेतल्याशिवाय हात स्थिर न होणारा. तेव्हा यंत्र नव्हतं. फाटकावर एक म्हातारा पहारेकरी असायचा. तो ड्रायव्हरच्या तोंडापाशी नाक नेऊन "हं करा" म्हणायचा. त्याला बारा महिने सर्दी. तरी धोका कशाला घ्या, म्हणून तिने घरात प्रयोग करून एक रीत बसवली: आधी कोरी कॉफी, मग चिमूटभर भाजलेले धने चावायचे, शेवटी दोन लवंगा दाढेखाली. लवंगा ती बामच्या रिकाम्या डबीत भरून त्याच्या खिशात घालायची. नवऱ्याची नोकरी टिकवणं म्हणजे संसार टिकवणं, असा तिचा सरळ हिशोब. हिशोब इतका चोख वाटला की तिने तो इतर ड्रायव्हरांच्या बायकांनाही शिकवला. त्यातल्या मामींना, म्हणजे मामा ड्रायव्हरच्या बायकोला, तर स्वतः डबी दिली.

मग एका सकाळी कोरी कॉफी, धने, दोन लवंगा. पहारेकऱ्याने "हं करा" म्हटलं, त्याने केलं, फाटक उघडलं. चाळीस मिनिटांनी बस पुलाच्या उतरणीवर कठड्याला जाऊन भिडली. तो गेला. बरोबर एक शिंपी गेला आणि पहिल्यांदाच एकटी कॉलेजला निघालेली एक मुलगी.

चौकशीत ठरलं, ब्रेक निकामी. ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. फाटकाने सोडलेला ड्रायव्हर प्यालेला कसा असेल? मामांनी जबाब दिला की सकाळी आम्ही दोघांनी एकत्र चहा घेतला, पोरगा अगदी शुद्धीत होता. मामा म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांच्या शब्दावर गाड्या सुटायच्या. जबाबानंतर मामांनीच साहेबांच्या केबिनचे उंबरे झिजवले आणि नवऱ्याच्या जागी तिला डेपोत चिकटवलं. आधी तिकिटांच्या खोलीत केर काढायला, मग फायली लावायला. चार वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा ते हातात घ्यायला कुणी पुरुष तयार होईना. रोजच्या दोस्ताला घरी कोण पाठवणार? ती म्हणाली, मी घेते.

आणि ब्रेक? ते ज्या मिस्त्रीने आदल्या दिवशी तपासले होते, त्याला सहा महिने घरी बसवलं. परत आला तेव्हा त्याचं नाव ब्रेकफेल पडलेलं होतं. ब्रेकफेल, जरा पाना दे. ब्रेकफेल, चहा घेणार का. तो पाना द्यायचा, चहा घ्यायचा. नऊ वर्षांत त्याने कुणाला उलटून एक शब्द विचारला नाही, आणि फुंकणीबाईने नऊ वर्षांत त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मामांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला तो असा.

या डेपोत एक पद्धत आहे. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी शेवटची फेरी तो स्वतः मारतो, गाडीत त्याचं घरचं माणूस न् माणूस बसतं, आणि गाडी फाटकातून बाहेर पडताना आवारातल्या सगळ्या बस एकदम हॉर्न वाजवतात. ते ऐकायला म्हणून माणसं तीस-तीस वर्षं स्टिअरिंग धरतात. फुंकणीबाईच्या नवऱ्यासाठी तो हॉर्न वाजला नव्हता.

मामांची गाडी आदल्या दिवशी तीनदा धुतली होती. समोर कागदी फुलं, आरशांना फुगे. पुढच्या बाकावर मामी, मागे मुलगी, जावई, तीन नातवंडं, शेजारपाजारचे, आणि कुणाचं कोण हे नक्की न कळणारी दोन माणसं, जी प्रत्येक समारंभाला असतात. अकरा बस रांगेत उभ्या, अकरा ड्रायव्हर हॉर्नवर तळवा ठेवून. मॅनेजरसाहेबांच्या हातात भाषणाचा कागद.

गेले आठ महिने मामा गुडघ्यामुळे हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसत होते. विसरलेल्या छत्र्यांना ते प्रवाशांच्या नावाने हाक मारत. गाडी फाटकाबाहेर न्यायची नसल्यामुळे त्यांना फुंकायचं कारण पडलं नव्हतं. पण फुंकणीबाईने त्यांना कँटीनमध्ये कप दोन्ही हातांनी उचलताना पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मान फिरवली होती. हे मान फिरवणं तिच्या जुन्या माहितीचं होतं.

मामा कडक इस्त्रीच्या गणवेशात खोलीशी आले. मागे निम्मा डेपो. मामा म्हणाले की पोरी, एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आता शेवटच्या दिवशी काय फुगा फुगवायला लावतेस, फुगे बाहेर लावलेत की. लोक हसले. तीही हसली. नवी नळी लावली.

"फुंका, मामा."

आकडा आला अठ्ठावन्न.

आधी कुणाला काही सुचेना. मग सगळ्यांना एकदमच सुचलं. जी कारणं रोज आपापल्यासाठी असायची, ती आज सगळ्यांनी मिळून मामांना देऊ केली. विहिरीतल्या आवाजाने खोकल्याचं औषध सुचवलं. दाढवाल्याने दाढ. केळीवाला म्हणाला की सकाळी मामांना मीच केळी दिली होती, सात. फुंकणीबाईने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मामांना बाकावर बसवलं. ती पंधरा मिनिटं सगळा डेपो घड्याळाकडे बघत उभा राहिला. गाडीतल्या नातवाने एक फुगा फोडला तेवढाच.

मॅनेजरसाहेब टेबलावर वाकले. साहेबांची बोलण्याची तऱ्हा अशी की रागावले की आवाज लोण्यासारखा होतो. त्यांनी समजावलं की रजिस्टर शेवटी हातानेच लिहायचं असतं, आकडा काही आपोआप उमटत नाही, आणि शून्य काढायला काय लागतं बाई, एक गोल. फुंकणीबाई म्हणाली की साहेब, पेन बांधलेलं आहे, तुमच्या सहीपर्यंत पोचतं, तुम्हीच काढा. साहेबांनी पेनाकडे पाहिलं आणि हात खिशात घातले.

दुसऱ्यांदा चौसष्ट. वाढला होता. म्हणजे गणवेश चढवता चढवता घेतलेली अजून रक्तात भिनतच होती.

मामांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर खिशातून काहीतरी टेबलावर पडलं. बामची डबी. झाकणाच्या कडेला चमच्याने उचकटल्याची खूण. ती खूण फुंकणीबाईच्या चमच्याची होती. डबी उघडली, आणि दोन लवंगा घरंगळत रजिस्टरवर आल्या.

तिने रजिस्टरमध्ये चौसष्ट लिहिलं, किल्ली कमरेला खोचली आणि बाहेर येऊन बंद फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

किल्लीचा प्रश्न नव्हता. दुसरी किल्ली साहेबांच्या खणात होती आणि ती आलीही. मामा चढून स्टिअरिंगवर बसले. साहेबांनी ब्रेकफेलला अडसर काढायला सांगितला, तसा तो येऊन अडसराला हात लावून उभा राहिला. साहेब लोण्यासारख्या आवाजात म्हणाले की बाई, बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. "आज मी ड्युटीवर आहे."

सगळीकडून गलका झाला. एका दिवसाने काय होतंय, माणुसकी नावाची काही चीज आहे का, हिला नोकरी कुणी लावली ते तरी आठवावं. मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"पोरी, तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी काय केलं होतं, विसरलीस?"

"नाही विसरले, मामा. म्हणून तर उभी आहे."

मग ती मामांशी बोलायची थांबली आणि सगळ्यांशी बोलायला लागली. आवाज चढवला नाही. रोज आकडा सांगते तसंच सांगितलं. "त्या दिवशी ब्रेक फेल झाले नव्हते. तो प्यायला होता, आणि मला माहीत होतं. मी त्याला कॉफी दिली, धने दिले, दोन लवंगा दिल्या. फाटकावर वास आला नाही, कारण मी येऊ दिला नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ही रीत मीच शिकवलीय. तीन माणसं गेली, आणि मी गप्प बसून नोकरी घेतली." मग तिने मान वळवली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. "मिस्त्री, तुमचे ब्रेक चांगले होते."

ब्रेकफेलचा हात अडसरावरच होता. एका हिसक्याचं काम होतं. आदल्या संध्याकाळी, मामांची गाडी झोकात बाहेर पडावी म्हणून त्याने स्वतः त्या अडसराला ग्रीस चोपडलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्याने हात काढला. खिशातली चिंधी काढून एकेक बोट पुसलं. घाई केली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "फाटक जाम झालंय."

साहेबांनी इतरांकडे बघितलं. धुलाईवाले बादल्यांकडे बघायला लागले. केळीवाल्याला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. अडसराला हात लावायला कुणी पुढे आलं नाही.

आणि मग गाडीतून मामी उतरल्या. नातवंडांना एकेक करून खाली घेतलं, मुलीला हाक मारली, जावयाला नुसती खूण केली, तो उतरला. शेजारीपाजारी उतरले. कुणाचं कोण माहीत नसलेली दोन माणसंही उतरली. रिकाम्या गाडीत मामा एकटे राहिले, स्टिअरिंग धरून, आणि आता सगळ्यांना दिसलं की स्टिअरिंगवरचे हात थरथरताहेत. आठ महिने ते छत्र्यांच्या मागे झाकलेले होते.

मामी खोलीत गेल्या, टेबलावरची डबी घेऊन आल्या आणि फुंकणीबाईच्या हातावर आपटल्यासारखी ठेवली. चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हती.

"हे तू शिकवलंस," त्या म्हणाल्या. "आता यातून बाहेर कसं काढायचं तेही तूच शिकव."

फुंकणीबाईला ते येत नव्हतं. ज्यांना येतं त्यांचा पत्ता मात्र तिला माहीत होता. बाकावरून घरी पाठवलेल्या प्रत्येकाच्या हातात ती चार वर्षं त्या पत्त्याची चिठ्ठी देत आली होती, आणि चार वर्षं त्या चिठ्ठ्या फाटकाबाहेरच्या गटारात वाहून जात होत्या. तिने रांगेतून विहिरीतल्या आवाजाला बोलावलं. त्याचा आकडा सकाळी शून्य होता; खोकला खरोखरच बरा झाला असावा. त्याला किल्ली दिली आणि सांगितलं, गाडी सरळ सरकारी दवाखान्यात, व्यसनाच्या वॉर्डला. मामा खाली उतरेनात. शेवटी मधली नात चढली आणि त्यांचा हात धरून त्यांना दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. मग बाकीचे पुन्हा चढले. ब्रेकफेलने अडसर ओढला. फाटक लोण्यासारखं उघडलं.

फुलं, फुगे, मामी पुढच्या बाकावर, मामा खिडकीशी मान खाली घालून. गाडी हलली. अकरा ड्रायव्हर हॉर्नवर तळवा ठेवून एकमेकांकडे बघत राहिले. अशा गाडीला वाजवतात की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"वाजवा की," फुंकणीबाई म्हणाली. "एकतीस वर्षं चालवलीय त्यांनी."

अकरा बस एकदम वाजल्या. समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. वॉर्डात तिसऱ्या दिवशी मामांना छताला छत्र्या लटकलेल्या दिसायला लागल्या आणि ते नर्सला सांगू लागले की ती काळी मास्तरांची, परत द्या. अंगात झटके आले. डॉक्टर म्हणाले की इतक्या वर्षांच्या पिणाऱ्याने घरी एकदम बंद केली असती तर याच झटक्यांत गेला असता. हे औषधपाण्याखालीच सोडवावं लागतं. मामा सुटून घरी आले, महिन्याभरात एकदा घसरले, पुन्हा वॉर्डात गेले, पुन्हा आले. फुंकणीबाईशी ते अजून बोलत नाहीत. डेपोसमोरून जायचं असलं तर लांबच्या रस्त्याने जातात. मामी येतात, तासभर खोलीत बसतात, मामांची आणि तिची, दोघांचीही, भरपूर उणीदुणी काढतात आणि चहा पिऊन जातात.

तिची चौकशी अजून चालू आहे. तीन साहेबांच्या समितीने विचारलं, नऊ वर्षं गप्प का बसलात? ती म्हणाली, नोकरी हवी होती. मग आत्ताच का बोललात? ती म्हणाली, नोकरी करायची आहे. साहेबांनी हे दोनदा लिहून दोनदा खोडलं म्हणतात. शिंप्याच्या घरी आणि त्या मुलीच्या घरी ती स्वतः जाऊन आली. शिंप्याच्या भावाने दार लावून घेतलं. मुलीच्या आईने आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. दोन्ही बरोबरच होतं, असं ती सांगते.

मिस्त्रीचं नाव मात्र बदललं. आता त्याला फाटकजाम म्हणतात. फाटकजाम, पाना दे. तो आधी हसतो, मग पाना देतो.

बामची डबी टेबलावर असते, टाचण्या ठेवायला. निकाल लागेपर्यंत ड्युटी तिचीच आहे, आणि काढलं तरी मी फाटकाबाहेर उभी राहून रांगेवर नजर ठेवेन, असं तिने साहेबांना तोंडावर सांगून ठेवलंय. पावणेसहाला रांग लागते. काल केळीवाल्याने सांगितलं की बाई, या वेळी मी खरंच काही खाल्लंप्यालं नाही, फक्त पिणाऱ्यांच्या शेजारी बसलो होतो, हवा लागते ना माणसाला. तिने विचारलं की हवा कोणत्या बाजूने होती. तो विचारात पडला.

तिने नवी नळी लावून यंत्र त्याच्यापुढे धरलं.

"फुंका."